शंभर पेंढ्यांचे पाचुंदे

विद्यापीठातली एक मुलगी मध्यंतरी माझ्याकडे येऊन गेली. तिथल्या एका निवृत्त प्राध्यापकांवर ती काहीतरी लिहीत होती. लहान मुलांना गणित कसं शिकवावं हे होऊ घातलेल्या शिक्षकांना शिकवण्यात ह्या प्राध्यापकांची हयात गेली. मुलगी चुणचुणीत होती. सरांच्या पदव्या मिळाल्या, लेख मिळाले, फक्त पार्श्वभूमी मिळत नाही, सर स्वतःबद्दल चकार शब्द काढत नाहीत, तुम्ही त्यांच्याबरोबर नोकरीला होतात ना, असं तिनं विचारलं.

पार्श्वभूमी म्हटलं की मला जुन्या फोटो स्टुडिओतला रंगवलेला पडदा आठवतो. मागे राजवाडा, कारंजं, आणि पुढे खुर्चीचे हात घट्ट धरून बसलेला माणूस. ह्या माणसाच्या मागे पडदा लावायचाच झाला तर त्यावर चाकणच्या अलीकडच्या एका खेड्यातली पत्र्याची शाळा काढावी लागेल. मुलीला मी चहा पाजला आणि बेताचं सांगितलं. बाकीचं मनात घोळत राहिलं, ते आता लिहून टाकते. नाव मात्र लिहिणार नाही. आम्ही सगळेच त्यांना मास्तर म्हणत होतो, तेवढं पुरे.

तेव्हा नवे पैसे यायचे होते, आणे-पैच चालत. पिंपरीला औषधांचा कारखाना नुकताच उभा राहत होता आणि माझे यजमान तिथे स्टोअरमध्ये लागले होते. ते चिंचवडला खोली घेऊन राहत आणि रविवारी सायकल हाणत गावी येत. मी जिल्हा स्कूल बोर्डाच्या शाळेत. शाळा दोन शिक्षकी, म्हणजे मी आणि मास्तर. मी सीनियर ट्रेंड, म्हणून कागदोपत्री हेड मी. मास्तर नुसते फायनल, म्हणजे सातवी पास, अनट्रेंड, त्यात टेंपररी. पण ते पुरुष, म्हणून गावाच्या लेखी हेड तेच. पाटलांकडून वाढीव दुधाचा तांब्या यायचा तो त्यांच्या खोलीवर, आणि फळ्याला रंग का नाही म्हणून विचारणा व्हायची ती मला.

पहिली-दुसरी माझ्याकडे आणि तिसरी-चौथी त्यांच्याकडे अशी वाटणी होती. मधे एक तट्ट्याची भिंत. त्या भिंतीतून मला त्यांचा वर्ग ऐकू यायचा, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा ऐकू यायचा तो फक्त वर्ग. मास्तरांचा आवाजच नाही. मी उठून डोकावले की दिसायचं ते असं. मास्तर एका पोरापुढे उकिडवे बसलेले आहेत, हनुवटी गुडघ्यावर, आणि त्या पोराच्या तोंडाकडे असे बघताहेत की आता त्यातून काही रत्न बाहेर पडणार आहे. बाकीचा वर्ग खुशाल भिंतीवर चढलेला, नाहीतर ओढ्यावर गेलेला. मग दोन्हीकडची मेंढरं हाकायचं काम माझ्याकडे. माझ्या नाकी नऊ येत.

मास्तर मावळातल्या एका शेतकऱ्याचा मुलगा. उंच, काटकुळे, धोतराचा एक सोगा कायम जमिनीला टेकलेला. सदऱ्याच्या खिशात पेन्सिलीचे तुकडे आणि चिंचोके. ते खाली बसले की त्यांचे गुडघे वाजत, आणि तो आवाज आला की पोरांना कळे, कुणाचं तरी उत्तर चुकलं. पण आमच्याकडे उत्तर चुकलं की पोरगं हात पुढे करून डोळे मिटतं, तसं तिथे होत नसे. ज्याचं चुकलं त्याचा त्या दिवशी भाव वधारे. मास्तर त्याला एकच म्हणत, "उत्तर राहू दे. वाट सांग." म्हणजे तू इथवर आलास कसा, ते सांग. चूक हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. ते आडवाट म्हणत. पोरगं विनाकारण काही बोलत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि पोरांचा आणि माझा संबंध त्यांच्याहून जास्त दिवसांचा असल्यामुळे माझं मत अगदी उलट होतं.

तिसरीतला एक मुलगा होता. एकोणतीस सांगितलं की तो हटकून एकोणचाळीसचे आकडे काढायचा. मी त्याला पहिलीपासून ओळखत होते. माझ्या मते ते शुद्ध दुर्लक्ष. मास्तरांनी त्याच्यामागे दोन दिवस घालवले. रविवारी आम्ही जेवायला बसलो होतो, यजमान आठवड्यानं घरचं खात होते, आणि मास्तर दारात. चेहरा असा की घरात पाळणा हलला असावा. म्हणाले, बाई, त्याची वाट सापडली. एकोणीसमध्ये शेवटी नऊ येतो, म्हणून एकोण ऐकलं की तो नऊ काढून ठेवतो. मग ऐकतो तीस. तिसाचा तीन पुढे लावतो. म्हणजे बिचाऱ्यानं नऊही बरोबर ऐकला आणि तीसही बरोबर ऐकले!

यजमानांनी शांतपणे विचारलं, "मग आता त्याला एकोणतीस येतात का?"

"ते येतील उद्यापरवा," मास्तर म्हणाले. आणि पानावर बसून, बोलता बोलता, माझ्या वाटणीची भाकरीही खाऊन गेले. त्यांचं स्वतःचं स्वयंपाकाचं तंत्र म्हणजे भात चुलीवर ठेवायचा आणि विचार करायला बसायचं. त्यामुळे करपलेलं नाही असं काहीही त्यांना पक्वान्न वाटे.

हा छंद शाळेपुरता असता तर एक वेळ चाललं असतं. चाकणच्या बाजाराला एकदा आम्ही बरोबर गेलो होतो. कांद्याच्या गोण्यांच्या थप्प्या लागल्या होत्या आणि एक व्यापारी तोंडानं बेरीज करत हमालांना गोण्या सांगत होता. त्याची बेरीज चुकली. आपल्याला काय करायचंय? पण मास्तर गेले, धोतर सावरून त्याच्यापुढे उकिडवे बसले, आणि अतिशय प्रेमानं म्हणाले, शेठ, वाट सांगा. व्यापाऱ्याला आधी वाटलं हा परगावचा माणूस रस्ता विचारतोय. मग कळलं की बेरजेबद्दल चाललंय. तो ताडकन उठला. आमी मापात पाप करतो म्हन्ता का, चला पोलिसात, असं त्यानं सुरू केलं. हमाल गोळा झाले. मी मास्तरांच्या बाहीला धरून त्यांना तिथून ओढून काढलं, कांदे तिथेच राहिले, आणि परतीच्या वाटेवर मी त्यांच्याशी एक अक्षर बोलले नाही. त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. ते आपले चालता चालता म्हणाले, "तो हातचा दोनदा धरतो, बाई. एकदा बोटावर धरतो आणि एकदा तोंडात."

गावाला हे सगळं कसं पटावं? पोरगं शाळेत घालायचं ते पाढ्यांसाठी. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी तोंडावर असली की बाजारात कुणी टोपी घालू शकत नाही, हा गावाचा हिशेब होता आणि तो काही खोटा नव्हता. पाटील एकदा मला येऊन सांगून गेले, "बाई, मास्तर मानूस लाख हाय. पर आमच्या पोराला दिडकी येत न्हाई. वाटा इचारून पॉट भरत न्हाई." मी रोज सकाळी दोन्ही वर्ग एकत्र बसवून पाढे म्हणवून घेऊ लागले. तट्ट्या हादरेपर्यंत म्हणवून घेतले. पाढे पाठ असणं चांगलंच, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं. मास्तर त्या वेळी बाहेर उभे राहून ऐकत आणि आत आले की म्हणत, गोड म्हणतात हो पोरं. त्यात टोमणा नसे. त्यांना टोमणा मारताच येत नसे.

त्या साली मात्र गोष्ट पाढ्यांपाशी थांबणार नव्हती. बोर्डानं अनट्रेंड मास्तर कमी करायचं ठरवलं होतं. ज्यांचा तपासणीचा शेरा चांगला त्यांना ट्रेनिंग कॉलेजला पाठवणार, पगार चालू ठेवून. बाकीच्यांना वर्षअखेर नारळ. आमच्या तालुक्यात जागा मोजक्या. मास्तरांना ट्रेनिंगला जायची किती इच्छा होती, हे फक्त मला ठाऊक होतं. माझी ट्रेनिंगची जुनी पुस्तकं त्यांनी मागून नेली होती, आणि पोरांना शिकवण्यावरही पुस्तकं असतात ह्याचंच त्यांना इतकं अप्रूप की ती ते जेवताना उघडी ठेवून वाचत. पुस्तकांना वरणाचे डाग पडले. मी काही बोलले नाही. घरी धाकटी भावंडं होती, मावळातली जमीन खडकाळ, आणि ही नोकरी गेली तर दुसरी कुठली मिळणार? मी त्यांना निक्षून सांगितलं की तपासणीला साहेब यायच्या आधी महिनाभर वाटा बंद. फक्त उत्तरं. त्यांनी मान हलवली आणि खरंच प्रयत्न केला. पालथ्या घड्यावर पाणी तर पाणी, पण घड्यानं मनापासून प्रयत्न केला, असं म्हणावं लागेल. चौथीची पोरं भागाकार फडाफडा सांगू लागली. शंभराला पाचानं भागा म्हटलं की सगळा वर्ग एका आवाजात वीस म्हणायचा. मी निश्चिंत झाले.

तपासणीला डेप्युटी साहेब आले. गाव त्यांना दिपोटी म्हणे. ह्या साहेबांबद्दल मला वाकडं काही सांगायचं नाही. सभ्य गृहस्थ होते. एवढा तालुका पायाखाली घालून त्यांचे डोळे थकलेले दिसत होते. पाटलांकडचा चहा त्यांनी घेतला, हार बाजूला ठेवला, माझा वर्ग तपासून समाधान मानलं आणि चौथीत येऊन बसले. दुपारची एस.टी. त्यांना गाठायची होती. मास्तरांनी त्या दिवशी धोतराचे दोन्ही सोगे सारखे खोचले होते.

साहेबांनी भागाकार घालायचं ठरवलं. आणि खेड्यातली पोरं आहेत, त्यांना कळेल असं काहीतरी विचारावं, म्हणून त्या भल्या माणसानं आकडे सोडून कडबा घेतला. पाट्या काढा म्हणाले, आणि विचारलं, "शंभर पेंढ्या आहेत. त्यांचे पाचुंदे किती होतील?"

पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा. शेतकऱ्याच्या पोराला हे सांगावं लागत नाही. पाट्यांवर पेन्सिली वाजल्या, पाट्या पालथ्या पडल्या. साहेबांनी पहिली पाटी उलटवली. एकवीस. दुसरी उलटवली. एकवीस. सगळी रांग एकवीस. फक्त पाटलांच्या मुलाच्या पाटीवर वीस होते.

साहेबांचा चेहरा उतरला. पोरांनी एकमेकांचं बघून लिहिलं असं त्यांना वाटलं, आणि त्यांच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं. ते मास्तरांना म्हणाले, नक्कल आहे ही सगळी. चुकलेल्या पाट्यांवर फुल्या मारा, म्हणजे आपण वाचन घेऊ. आवाज चढलेला नव्हता. अजूनही सगळं सावरण्याजोगं होतं. एक विषय कच्चा निघाला म्हणून काही शेरा बिघडत नाही. फुल्या मारायच्या आणि पुढे जायचं होतं.

मास्तरांनी पेन्सिल घेतली. पहिल्या रांगेत हौसा नावाची मुलगी होती, सावळी, अबोल, बापाबरोबर खळ्यावर राबणारी. मास्तर तिच्यापर्यंत गेले आणि मला गुडघे वाजलेले ऐकू आले.

"हौसा, उत्तर राहू दे. वाट सांग."

हौसा एकदा साहेबांकडे आणि एकदा मास्तरांकडे बघत राहिली. साहेबांनी पुन्हा फुली मारायला सांगितलं. मी दारातून डोळ्यांनी खुणा करत होते, भुवया उडवत होते, पदर ओढत होते; मास्तरांचं लक्ष असेल तर शपथ. साहेबांनी घड्याळ काढलं. मास्तर मान न वळवता, अगदी हळू म्हणाले, "जरा थांबा साहेब. ती येतेय."

आणि ती आली. हौसा म्हणाली, "इस झालं की एक वर ठिवायचा. त्याबिगार शंभर व्हत न्हाई."

आता हे मला आधीच सुचायला हवं होतं असं कुणी म्हणेल; पण मी पडले पुण्याच्या पेठेतली, आणि मास्तर भाताच्या मावळातले, तिथे कडबा कुठला? त्या भागात कडबा देताना वीस पाचुंदे मोजून देणारा कुणबी सापडायचा नाही. विसावर एक पाचुंदा वरताळा ठेवायचा, मग म्हणायचं शंभर दिले. घेणारा मागत नाही, देणारा विसरत नाही. ही पोरं खळ्यावर बसून पाचुंदे टाकत आलेली. त्यांनी भागाकार केलाच नव्हता, कडबा दिला होता. पाटलांच्या घरचा कडबा गडी मोजत, म्हणून त्यांच्या मुलाचे तेवढे वीस आले.

मास्तरांनी मांडीवर थाप मारली. वळून साहेबांना म्हणाले, ऐकलंत का? साहेब म्हणाले, ऐकलं, चालरीत समजली, पण गणितात शंभराचे वीसच होतात ना? मास्तर म्हणाले, होतात, वीसच होतात. साहेबांनी हात पुढे करून पेन्सिल मागितली. मास्तरांनी ती देऊन टाकली आणि ते दुसऱ्या पोरापुढे जाऊन बसले, आणि त्याला त्याची वाट विचारू लागले. त्यांच्या दृष्टीनं तपासणी संपलेली होती. किंवा नुकती सुरू झाली होती म्हणा.

साहेब स्वतः उठून एकेका पाटीवर फुली मारू लागले. शिस्त म्हणून मारू लागले, रागानं नाही. मास्तरांना ते उशिरा दिसलं. साहेब हौसाच्या पाटीशी आले तेव्हा मास्तर झटकन मागे सरकले आणि त्यांनी तिच्या पाटीवर आपला तळहात पालथा ठेवला. नजरही वर केली नाही. साहेबांची पेन्सिल त्या हातावर क्षणभर थांबली. मग त्यांनी ती खाली ठेवली, टोपी उचलली आणि मला म्हणाले, "बाई, शेरा पाठवतो."

शेरा आला तो हेड म्हणून माझ्या हाती आला. शिक्षक मुलांच्या चुकांची पाठराखण करतात. गणित हा विषय यांच्याकडे देऊ नये, असं त्यात होतं. वाक्य दोनच. ट्रेनिंगची जागा शेजारच्या गावच्या मास्तरांना गेली आणि आमच्या मास्तरांची नोकरी मार्चअखेरीला संपली. पुढे त्यांनी पिंपरीच्या कारखान्याच्या बांधकामावर हजेरी घ्यायचं काम केलं, माझ्या यजमानांनीच चिकटवून दिलं. तिथून मॅट्रिक, मग पुण्याला संध्याकाळचं कॉलेज, मग बी.टी., आणि असं करत करत विद्यापीठ. त्या मुलीच्या यादीत हे सगळं आहे. हजेरीचं काम तेवढं नाही.

गावानं मास्तरांची बाजू घेतली असेल असं वाटत असेल तर तसं काही झालं नाही. गाव साहेबांच्या बाजूनं होतं. हौसाचा बाप मास्तरांना खळ्यावर भेटला तेव्हा मीही होते. तो म्हणाला, "शंभराचं इसच व्हतात, मास्तर. एकविसावा आपला मानाचा. हे पोरीला सांगायचं राहिलं. फुली माज्यावर मारायची व्हती सायबानं." मास्तरांनी त्यालाही विचारलं की एकविसावा का, दोन का नाहीत, बावीस का नाहीत. तो बराच विचार करून म्हणाला, तसं करत न्हाईत. मास्तर खूश झाले. नोकरी जाऊन आठवडाही झाला नव्हता.

मला मात्र राग होता. चांगला दणकून राग होता. ते जायच्या दिवशी मी त्यांना सडकेवर पोचवायला गेले ती पोचवण्यापेक्षा भांडायला. चाकणकडून येणारी एस.टी. अजून यायची होती. पुण्याकडे कांद्याच्या गाड्या चालल्या होत्या, धूळ उडत होती. वळकटीवर बसून मास्तर रस्त्याच्या कडेला चिंचोके चघळत होते. मी म्हटलं, मास्तर, एक विचारते, खरं सांगा. साहेब अर्ध्या तासात निघून जाणार होते. ते गेल्यावर बसला असतात त्या पोरीपुढे, दिवसभर बसला असतात, कुणी अडवलं होतं? अर्धा तास तुम्हाला धीर निघाला नाही, आणि त्यापायी सगळं घालवलंत.

त्यांनी चिंचोका तोंडातून काढला. मी रागावले आहे हे बहुधा त्यांना तेव्हाच पहिल्यांदा कळलं.

"फुली पडल्यावर वाट राहत नाही, बाई," ते म्हणाले.

मी म्हटलं, म्हणजे काय. तेव्हा ते जे बोलले ते मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. पहिलीत असताना त्यांच्या मास्तरांनी त्यांना विचारलं होतं, नवातून चार गेले, राहिले किती? ते म्हणाले, सहा. छडी बसली. पुन्हा विचारलं, पुन्हा सहा म्हणाले, पुन्हा बसली. तिसऱ्यांदा पाच म्हणाले. "सगळे म्हणतात, बोटं मोजताना चुकला असशील. तसं नाही. मला पक्कं आठवतं, मला खात्री होती. दोन छड्या खाऊन टिकली एवढी खात्री होती. मार आठवतो, मास्तरांचा काळा कोट आठवतो, सहा आठवतात. पण सहा का, ते गेलं. किती शोधलं. ते आता मलाच सापडत नाही, तर दुसऱ्या कुणाला सापडणार?"

मी डोक्यात नवातून चार वजा करत राहिले, पुढून, मागून, बोटांवर. मला खात्रीचे सहा कुठूनच येईनात. तेवढ्यात गाडी आली. मास्तरांनी वळकटी टपावर टाकली, मला नमस्कार केला आणि कंडक्टरला जागेवरून काहीतरी विचारत आत शिरले. गाडी मोशीकडे दिसेनाशी होईपर्यंत मी तिथेच उभी होते.

शाळेत परत आले तेव्हा मधली सुट्टी होती. नवे मास्तर यायचे होते, म्हणून चारही वर्ग माझ्याच गळ्यात. हौसा एकटीच आत बसली होती, पाटी पुसत. बाकीच्या पोरांनी तिला आठवडाभर ऐकवलं होतं की हिच्या पाचुंद्यापायी मास्तर गेलं. मी तिच्याजवळ गेले. मला असं बसायची सवय नव्हती, पण बसले, जमिनीवर, तिच्या पुढ्यात. विचारलं, हौसा, शंभर पेंढ्यांचे पाचुंदे किती?

"इस," ती लगेच म्हणाली.

"आणि त्या दिवशी एकवीस का म्हणालीस?"

तिनं माझ्याकडे बघितलं. आठवायचा प्रयत्न केला की नाही कोण जाणे. मी थांबले. साहेब नव्हते, घड्याळ नव्हतं, मला कुठली गाडी गाठायची नव्हती. मी खूप वेळ थांबले. मग ती खाली मान घालून म्हणाली, "चुकलं व्हतं, बाई."